चाचणीतली वेळ विसरा, पाय काढल्यावर गाडी काय करते ते बघा

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः छोटी रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा) संघातल्या मुलांचा प्रश्न थोडक्यात असा: "2011 च्या फॉर्म्युला वन हंगामाआधी व्हॅलेन्सियाच्या चाचणीत रेनॉची आर31 सगळ्यांत वेगवान ठरली. तिचा एक्झॉस्ट मागे नव्हे, साइडपॉडच्या (ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागाच्या) पुढच्या टोकाला उघडत होता. मग वर्षाच्या शेवटी ती पाचवी कशी? चाचणीत दोन गाड्यांचं हँडलिंग आणि त्यांचं एक्झॉस्ट तंत्र यांची तुलना करायची तरी कशी? आणि यातलं काही आमच्या गाडीला लावता येईल का?"

सिंगल-सीटर गाड्यांचा डेटा वाचणं हेच माझं काम, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो.

आधी ती व्हॅलेन्सियाची वेळ. फेब्रुवारी 2011 मधली तीन दिवसांची चाचणी, शेवटच्या दिवशी रेनॉच्या रॉबर्ट कुबित्साने 1 मिनिट 13.144 सेकंदांचा लॅप काढला आणि तो यादीत सगळ्यांत वर आला. आकडा खरा आहे, पण त्यातून निष्कर्ष काढायला लागणारी निम्मी माहिती आपल्याकडे नसते. टाकीत पेट्रोल किती होतं? दहा किलो पेट्रोल म्हणजे लॅपमागे साधारण तीन दशांश सेकंद, आणि त्या काळात शर्यतीच्या सुरुवातीची भरलेली टाकी दीडशे किलोच्या आसपास असे. टायर कोणते, किती लॅप चाललेले? पिरेली परतल्याचं ते पहिलंच वर्ष, टायर पटापट उतरत होते. आणि चाचणीत गाडी किमान वजनात बसते का, हे शर्यतीसारखं कुणी तपासत नाही. प्रायोजक शोधणारा संघ हलकी गाडी पळवून मथळा मिळवू शकतो आणि जिंकायची खात्री असलेला संघ मुद्दाम जड गाडी घेऊन फिरू शकतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये बार्सिलोनाच्या शेवटच्या चाचणीत मायकेल शूमाकरने मर्सिडीजमधून 1 मिनिट 21.249 काढले, आणि 'मर्सिडीज परतली' अशी हवा झाली. हंगामाच्या पहिल्या शर्यतीत, मेलबर्नला, पात्रता फेरीत त्याचा सहकारी रोझबर्ग सातवा, शूमाकर अकरावा. शर्यत दोघांनाही पूर्ण करता आली नाही. 2012 मध्ये तर त्याहून गंमत. हेरेझच्या पहिल्या चाचणीतली आठवड्यातली सर्वोत्तम वेळ रोझबर्गची होती, आणि ती त्याने काढली होती आदल्या वर्षीच्या गाडीत! मर्सिडीजची नवी गाडी बार्सिलोनाला येणार होती, हेरेझला ते जुनी गाडी घेऊन नवे टायर समजून घेत होते. तेव्हा सर्वोत्तम लॅपची यादी बघून झाली की बाजूला ठेवा.

मग बघायचं काय? त्या दोन-तीन वर्षांपुरतं माझं उत्तर ठाम आहे: वळणाआधी ड्रायव्हर थ्रॉटलवरून (अ‍ॅक्सिलरेटरवरून) पाय काढतो तो क्षण. एक्झॉस्ट आणि हँडलिंग हे दोन वेगळे विषय वाटतात ना? त्या अर्ध्या सेकंदात ते एकच होतात.

कारण समजून घ्यायचं तर आधी डिफ्यूझरकडे, म्हणजे गाडीच्या तळाच्या (फ्लोअरच्या) मागच्या, वर चढत जाणाऱ्या भागाकडे जावं लागेल. गाडीखालून वेगाने गेलेली हवा मागे डिफ्यूझरमध्ये पसरते, फ्लोअरखालचा दाब कमी होतो आणि गाडी जमिनीला चिकटते. यात मोठा अडथळा मागच्या चाकांचा. फिरता टायर जमिनीला टेकतो तिथे त्याच्यापुढची हवा चेपली जाऊन आडवी उडते आणि थेट डिफ्यूझरच्या कडेत घुसते. आत आलेली ही घाण हवा डिफ्यूझरचं काम बिघडवते. 2011 च्या रेड बुल आरबी7 ने एक्झॉस्टचा झोत नेमका फ्लोअर आणि टायर यांच्यामधल्या फटीत सोडला. नियमांनी डिफ्यूझरमध्ये भोकं पाडायला बंदी घातली होती, पण फ्लोअरच्या बाहेरच्या काठाची पाच सेंटिमीटरची पट्टी मोकळी ठेवली होती. रेड बुलचे डिझाइनप्रमुख एड्रियन न्यूई यांच्या चमूने तीच पट्टी पकडली. एसी लावलेल्या दुकानाच्या दारावर वरून हवेचा पडदा सोडतात आणि बाहेरची गरम हवा आत येत नाही, तसंच हे. कड बंद झाली म्हणून गाडीचं मागचं टोक उंच ठेवता आलं, आणि टोक उंच ठेवलं की सगळा फ्लोअरच डिफ्यूझरसारखा वागायला लागतो. आरबी7 चे फोटो बाजूने बघा, नाक खाली आणि बूड वर, अगदी डोळ्यांत भरतं.

त्या झोतात दम किती? हिशेब सोपा आहे, करून बघा. 2.4 लिटरचं व्ही8, मर्यादा मिनिटाला 18,000 फेरे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला 9,000 गुणिले 2.4, सुमारे 21,600 लिटर. सेकंदाला 360 लिटर. बाहेर पडताना हाच वायू आठ-नऊशे अंशांपर्यंत तापलेला, त्यामुळे आकारमानाने चौपटीच्या आसपास. दोन नळ्यांतून सेकंदाला तेराशे-चौदाशे लिटर तप्त वायू, तोही प्रचंड वेगाने. हा काही कचरा नाही, बसल्या जागी मिळालेला पंखा आहे.

पण हा पंखा ड्रायव्हरच्या उजव्या पायाला बांधलेला. गोची इथे होते. ब्रेक मारताना पाय थ्रॉटलवरून निघतो, झोत मंदावतो, कडेचा पडदा उघडतो आणि मागचा डाउनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर, गायब होतो. नेमकं त्याच वेळी ब्रेकिंगमुळे वजन पुढच्या चाकांवर गेलेलं असतं. मागची चाकं दोन्हीकडून हलकी! वळणात शिरतानाच गाडीचं बूड सुटायला बघतं. थ्रॉटलवर असताना रुळावरून चालल्यासारखी वाटणारी गाडी पाय काढताच दगा देते, आणि अशा गाडीत कुठलाच ड्रायव्हर उशिरा ब्रेक मारायला धजत नाही.

यावर तोडगा काढला इंजिनवाल्यांनी. पाय काढला तरी इंजिनचा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, उघडा ठेवायचा. इंधन तोडून नुसती हवा ढकलली तर थंड झोत. थोडं इंधन सोडून, ठिणगी उशिरा टाकून, ते एक्झॉस्टमध्ये जाता जाता जाळलं तर गरम झोत. दुसरा जास्त जोरकस, पण पेट्रोल खातो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हना भाजतो आणि इंजिन ब्रेकिंग कमी झाल्यामुळे गाडीला मागून ढकलल्यासारखं करतो. म्हणजे ब्रेकचा पुढचा-मागचा समतोल बदला, डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) बदला. एक्झॉस्टचा एक निर्णय सगळ्या सेटअपमध्ये पाझरतो तो असा.

डेटामध्ये ही गोष्ट फार सुंदर दिसते. एका रेषेवर पेडल, शून्यावर आलेलं. त्याच्याखाली इंजिनचा प्रत्यक्ष थ्रॉटल, तो मात्र चांगलाच उघडा. तिसरी रेषा स्टीअरिंगची. झोत टिकतोय अशा गाडीत ही रेषा वळणात शिरताना एका लयीत चढते आणि एका लयीत उतरते. टिकत नाही अशा गाडीत ब्रेक सुटायच्या सुमाराला उलट दिशेचे बारीक दात दिसतात. ड्रायव्हर बूड सावरतोय. दोन गाड्यांची तुलना करायला मला एकच आलेख द्या म्हणालात, तर मी हा मागेन.

परक्या संघाचा डेटा कुणी देत नाही, पण कान आणि डोळे आहेत. 2011 मध्ये वळणाआधी गाड्या शांत होत नसत. जाडसर, फाटकी घरघर येई, मधूनच फटफट. ज्या गाडीची घरघर सलग, तिचा झोत वळणात पोचेपर्यंत जिवंत. तेव्हा बार्सिलोनाला उभं राहायचं तर तिसऱ्या वळणावर आणि शेवटच्या शिकेनवर, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर (2023 पासून फॉर्म्युला वन ती शिकेन वापरत नाही). तिसरं वळण लांबलचक, वेगवान, उजवं. तिथे सगळ्याच चांगल्या गाड्या चांगल्या दिसत, कारण पाय बराच वेळ थ्रॉटलवर असे. शेवटची शिकेन मात्र हळू, ब्रेकनंतरची, लगेच दिशा बदलायला लावणारी. तिथे ड्रायव्हरचे हात बघायचे आणि मागचं चाक कर्बवर (ट्रॅकच्या उंचवट्याच्या कडेवर) कसं उतरतं ते बघायचं.

आता आर31. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यांत धाडसी कल्पना तीच होती. नळ्या इंजिनपासून पुढे वळवून साइडपॉडच्या पुढच्या कडेशी आणल्या, झोत फ्लोअरच्या अख्ख्या कडेने मागे वाहात जाणार. मागे फुंकलं तर फायदा सगळा मागच्या चाकांवर, म्हणजे थ्रॉटलसोबत पुढचा-मागचा समतोल डुलत राहणार. गाडीच्या मध्याजवळ फुंकलं तर डाउनफोर्स कमी-जास्त झाला तरी समतोल फारसा हलायला नको. कागदावर याला तोड नाही.

प्रत्यक्षात तीन गोष्टी आडव्या आल्या. झोत लांबचा प्रवास करतो, वाटेत पुढच्या चाकामागची गढूळ हवा त्याला हलवते, आणि हळू वळणात चाकं जास्त वळलेली असताना हा त्रास वाढतो. शिवाय हळू वळणात इंजिनचे फेरेही कमी, म्हणजे पुढून निघालेल्या झोतात मागच्या टोकापर्यंत पोचायची ताकद उरत नाही. तांत्रिक संचालक जेम्स अ‍ॅलिसन यांनी नंतर हळू वळणं हीच या गाडीची दुखरी जागा असल्याचं सांगितलं. दुसरी गोष्ट उष्णता. तापलेल्या लांब नळ्या साइडपॉडमध्ये, आजूबाजूला कार्बनचे भाग. हंगेरीच्या शर्यतीत पिट स्टॉप लांबला आणि बाहेर पडताच निक हाइडफेल्डच्या गाडीने पेट घेतला. तिसरी गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यांत महाग पडलेली, म्हणजे वाढायला जागा नाही. रेड बुलसारखी रचना असलेले संघ दर दोन शर्यतींना टोकाचा आकार बदलून थोडं थोडं कमावत होते. रेनॉने मात्र साइडपॉड, थंडावा, फ्लोअर सगळं त्या एका जागेभोवती बांधलेलं. सुरुवात झकास झाली, ऑस्ट्रेलियात पेत्रोव्ह तिसरा, मलेशियात हाइडफेल्ड तिसरा. मग बाकीचे पुढे सरकत गेले आणि हे जागच्या जागी राहिले. वर्षाअखेर 73 गुण आणि पाचवं स्थान.

यात कुबित्साचा भाग विसरू नका. व्हॅलेन्सियानंतर काही दिवसांतच, 6 फेब्रुवारीला, इटलीतल्या एका रॅलीत त्याला भीषण अपघात झाला आणि तो हंगामाला मुकला. गाडी सुधारायची दिशा दाखवणारा पहिला ड्रायव्हर गेला. तो असता तर आर31 जिंकली असती असं मी म्हणणार नाही, हळू वळणाचं दुखणं ड्रायव्हरने जात नाही. पण ते लवकर कळलं असतं, असं मला वाटतं.

व्हॅलेन्सियाच्या तीन दिवसांत हे दिसलं असतं का? थोडं फार. तो ट्रॅक छोटा, चार किलोमीटरचा, गारठ्यातला, टायर नवे. एवढ्यावरून आर31 हळू वळणात कमी पडते असं छातीठोकपणे कुणी सांगितलं नसतं. नळ्यांची वाट बघून 'इथून पुढे जायला वाव कुठे आहे' असा प्रश्न मात्र विचारता आला असता. चाचणीत गाडीचा वेग कळतो त्यापेक्षा तिच्या रचनेतली कोंडी लवकर कळते.

उलटं उदाहरण मॅक्लारेनचं. त्याच हिवाळ्यात एमपी4-26 वर त्यांनी इतका गुंतागुंतीचा एक्झॉस्ट बसवला की लोक त्याला ऑक्टोपस म्हणायला लागले. चाचण्यांत तो टिकेना, गाडी तासन् तास गॅरेजात आणि लॅप मोजकेच. ज्याने त्याने मॅक्लारेनचं वर्ष वाया गेल्याचं लिहून टाकलं. मेलबर्नला येताना त्यांनी तो ऑक्टोपस फेकला, रेड बुलच्या वाटेने जाणारा साधा एक्झॉस्ट आणि नवा फ्लोअर लावला, आणि हॅमिल्टन पात्रता फेरीत दुसरा, शर्यतीतही दुसरा! गाडीचं मूळ अंग चांगलं होतं, फक्त एक अवयव चुकीचा होता, आणि तो काढून टाकता येण्याजोगा होता. रेनॉला ती सोय नव्हती. तरी रेड बुलचा व्हेटेल त्या पात्रता फेरीत हॅमिल्टनच्या जवळजवळ पाऊण सेकंद पुढे होता, हेही लक्षात असू द्या.

2012 मध्ये नियम बदलले. टेलपाइपचं, म्हणजे एक्झॉस्टच्या शेवटच्या नळीचं, तोंड वर, शेवटचा 100 मिलिमीटरचा तुकडा गोल आणि वरच्या दिशेने 10 ते 30 अंशांत. इंजिनच्या मॅपवरही, म्हणजे थ्रॉटल-इंधन-ठिणगी ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगवरही, लगाम आला. डिफ्यूझर फुंकणं संपलं असं सगळ्यांना वाटलं. ते संपलं नाही. वाकड्या पृष्ठभागाजवळून गेलेला झोत त्या पृष्ठभागाला चिकटून वळतो, हा कोआंडा परिणाम. साइडपॉडला फुगवटा आणि खाली उतरती घसरगुंडी दिली की वर सोडलेला वायूही वरून येणाऱ्या हवेसोबत खाली, टायर-डिफ्यूझरच्या फटीकडे जातो. मॅक्लारेन आणि साउबर या वाटेवर लवकर होते. फेरारीने एका रचनेवर सुरुवात केली, बार्सिलोनाच्या चाचण्यांत ती बदलली. रेड बुलने शेवटच्या चाचणीत एक्झॉस्टची मोठी उलथापालथ केली.

त्या वर्षी तुलना करणं सोपं होतं, कारण खुणा गाडीवरच उमटत. टेलपाइपमागचं बॉडीवर्क बघायचं. उष्णतारोधक थर कुठे लावलाय, काजळी कुठून कुठे ओघळलीय, फ्लोअरच्या काठावर भाजल्याचा डाग टायरच्या किती जवळ आहे. संघ स्वतःही हेच बघतात, फक्त त्यांच्याकडे रंगीत तेलकट द्रव, तापमानाच्या पट्ट्या आणि हवेचा दाब मोजणाऱ्या नळ्यांच्या जाळ्या असतात. डाग योग्य जागी पोचलेला दिसला तर झोत निदान सरळ रेषेत तरी काम करतोय. तो वळणातही तिथेच राहतो का, हे पुन्हा ब्रेकिंगच्या क्षणीच कळतं. फसवाफसवीही चालते बरं का. 2010 च्या चाचण्यांत रेड बुलने खऱ्या नळ्या खाली लपवून वरच्या नेहमीच्या जागी एक्झॉस्टच्या तोंडाचे स्टिकर चिकटवले होते.

2012 च्या त्या हिवाळ्यात फेरारीचं बूड सरळ बसत नव्हतं. मेलबर्नच्या पात्रता फेरीत अलोन्सो बारावा, मासा सोळावा. इथे चाचणीने खरं सांगितलं होतं. लोटसचंही खरं निघालं: सस्पेन्शनच्या वरच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) माउंटिंगमध्ये दोष सापडला म्हणून त्यांनी दुसरी चाचणी सोडून दिली, तरी तिसऱ्या चाचणीत ग्रोजाँ आणि रायकोनेन पुढे होते आणि मेलबर्नला ग्रोजाँ पात्रता फेरीत तिसरा आला. पण अलोन्सो त्याच फेरारीतून वर्षाअखेर फक्त 3 गुणांनी विजेतेपद हुकला, 278 विरुद्ध व्हेटेलचे 281. म्हणजे चाचणी मार्चपुरतं सांगते, नोव्हेंबरचं नाही.

2014 पासून टर्बो व्ही6 आले. टर्बाइन वायूतली बरीच ऊर्जा काढून घेतं आणि टेलपाइप मधोमध एकच, उंचावर. तिथे हा अध्याय मिटला.

आता तुमची गाडी. सरळ सांगतो, एक्झॉस्टने डिफ्यूझर फुंकायच्या नादी लागू नका. तुमच्या इंजिनला 20 मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधूनच, म्हणजे नियमाने ठरवलेल्या अरुंद भोकातूनच, श्वास घ्यायचा आहे. त्या भोकातून हवा आवाजाच्या वेगाला पोचली की गाठलीच मर्यादा, सेकंदाला 70 ग्रॅमच्या जरा वर. त्या व्ही8 चे सेकंदाला 400 ग्रॅमच्या पुढे जात. म्हणजे तुमच्याकडे सहावा हिस्सा, तोही पूर्ण थ्रॉटलवर. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे शंकूंमधल्या वळणदार छोट्या ट्रॅकवर, तुम्ही पूर्ण थ्रॉटलवर असता किती? आणि वळणं बहुतेक हेअरपिनसारखी, म्हणजे आर31 जिथे हरली तीच.

पद्धत मात्र उचला. कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेला, जायच्या आधी, चाचणीच्या दिवशी बदल एका वेळी एकच करा आणि तुलना नेहमी जुनं-नवं-जुनं अशी घ्या. तिसऱ्या रनमध्ये जुन्याची वेळ पहिल्यासारखी आली नाही तर ट्रॅक किंवा टायर बदललेत, नव्या भागाबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही. प्रत्येक रनआधी पेट्रोल मोजून भरा, अंदाजाने नको. थ्रॉटल, ब्रेकचा दाब आणि स्टीअरिंग, हे तीन सेन्सर आधी लावा. बाकीचे पैसे उरले तर. ड्रायव्हरला वेळ सांगायच्या आधी विचारा की कुठल्या वळणात, शिरताना की बाहेर पडताना, काय झालं. त्याचं उत्तर लिहून घ्या, मग आलेख उघडा. एकदा वेळ कळली की त्याला सगळंच आवडायला लागतं.

आणि संघात कुणी साइडपॉडमधून नळ्या वळवायचं कॅड मॉडेल आधीच केलं असेल तर ते डिझाइनच्या सादरीकरणात 'विचार केला आणि नाकारला' या सदराखाली दाखवा, कारणांसकट. परीक्षकांना आकडे देऊन नाकारलेली कल्पना आवडते.